खेळांतील होयसळ आणि पंढरपूरची तुळई

श्रोतेहो, ज्यानें आयुष्याचीं तेहतीस वर्षें सोलापुरांतील मुलांना इतिहास आणि भूगोल शिकविला, अशा माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकानें व्हिडिओ गेमविषयीं बोलावयास बसावें, हें ऐकून आपल्यापैकीं कित्येकांना हसूं येईल. प्रथम मलाहि आलें होतें. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटींत एक लहानशी गोष्ट घडली, आणि तेव्हांपासून हा विषय इतिहासाचाच आहे अशी माझी खात्री झाली आहे.

माझा नातू पुण्याहून सुटीसाठीं आला होता. वय चौदा. येतांना आपलें खेळाचें यंत्र, तें प्ले-स्टेशन, पिशवींत घालून घेऊन आला आणि आमच्या बैठकीच्या खोलींतील टीव्हीला जोडून बसला. मे महिन्यांतील सोलापूरचें ऊन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना मुलाला बाहेर पिटाळणें किती अशक्य होतें हें सांगावयास नको. तिसऱ्या दिवशीं दुपारीं मी वर्तमानपत्र वाचीत असतां त्यानें मान न वळवितांच विचारलें, "आजोबा, होयसळ म्हणजे कोण हो?"

मीं वर्तमानपत्र खालीं ठेविलें. तेहतीस वर्षांत हा प्रश्न मला एकाहि विद्यार्थ्यानें विचारला नव्हता. आणि विचारावा तरी कां? आमच्या शिकविण्यांत होयसळ येत ते एका वाक्यापुरते. देवगिरीचे यादव, वारंगळचे काकतीय, द्वारसमुद्राचे होयसळ, मदुरेचे पांड्य. चार नांवें आणि चार राजधान्या, जोड्या लावा म्हणून प्रश्न घालावयास फार सोयीचीं. मुलें जोड्या लावीत, गुण घेत आणि पुढें जात. मीहि पुढें जात असें.

नातवाला हें नांव जेथें भेटलें त्या खेळाचें नांव 'अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी', म्हणजे हरवलेला वारसा. अमेरिकेंतील नॉटी डॉग या कंपनीनें तो तयार केला आणि तो २०१७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत बाहेर आला. नायिका क्लोई फ्रेझर हिचा बाप हिंदी. गणपतीचा मोडलेला दंत होयसळ राजांनीं कोठेंसा दडवून ठेविला आहे अशी कथा कल्पून, त्याच्या शोधांत ही बाई नदीन नांवाच्या एका सोबतिणीसह पश्चिम घाटांत शिरते. असाव नांवाचा एक बंडखोर पुढारी आपल्या सैनिकांसह तोच दंत मिळवूं पाहत असतो. एवढ्या कथेवर सारा खेळ उभा आहे.

ज्यांच्या घरांत नातवंडें नाहींत त्यांच्यासाठीं या खेळांच्या जातीविषयीं दोन शब्द सांगतों. उड्या मारावयाच्या, कड्याला लोंबकळावयाचें आणि वर चढावयाचें, असे खेळ गेलीं चाळीसहून अधिक वर्षें चालत आले आहेत. १९८५ सालचा जपानी 'मारियो' पुष्कळांनीं पाहिला असेल. १९८९ सालीं जॉर्डन मेक्नर या तरुण अमेरिकनानें 'प्रिन्स ऑफ पर्शिया' केला, तेव्हां त्यानें आपल्या धाकट्या भावाला धांवावयास आणि उड्या मारावयास लावून त्याचें चित्रण केलें आणि त्यावरून राजपुत्राच्या हालचाली रेखाटल्या. या खेळांत वाट ठरलेली असे. पुढें यंत्रांची शक्ति वाढली, तेव्हां एक दुसरी जात निघाली, तिला हीं मुलें 'ओपन वर्ल्ड' म्हणतात. तींत सारा मुलूख खेळणाऱ्यापुढें मोकळा टाकलेला असतो. त्यानें पाहिजे तिकडे जावें, पाहिजे तें आधीं करावें. मी सांगतों आहें तो खेळ या दोहोंच्या मधला आहे. त्याचीं बहुतेक प्रकरणें ठरल्या वाटेनें जातात, परंतु 'वेस्टर्न घाट्स' नांवाचें चवथें प्रकरण मात्र मोकळें आहे. एक जीपगाडी, चहूंकडे डोंगर, धबधबे, चिखल, पडकीं देवळें, आणि तीन गढ्या. कोणत्या गढीवर आधीं जावें हें सांगणारा कोणी नाहीं.

हें प्रकरण मीं नातवाच्या शेजारीं बसून तीन संध्याकाळीं पाहिलें, आणि त्याचे गुण मोकळ्या मनानें सांगितले पाहिजेत. आरंभींच नायिका एका उंच मनोऱ्यावर चढते आणि तेथून सारें खोरें न्याहाळून नकाशावर खुणा करते. पुढें खेळणाऱ्याला तो कागदी नकाशा वारंवार उघडावा लागतो. पहिल्या संध्याकाळीं माझा नातू दोनदां वाट चुकला. तिसऱ्या संध्याकाळीं तो म्हणूं लागला, "धबधबा उजव्या हाताला ठेवला कीं मनोरा समोर येतो." श्रोतेहो, स्थलवर्णनाचा नकाशा वाचावयास शिकविण्यासाठीं मीं फळ्यावर किती खडू झिजविले त्याचा हिशेब नाहीं. डोंगर, पाणी आणि आपण उभे आहों ती जागा यांचा परस्परसंबंध मुलाच्या डोक्यांत उतरविणें हें जें कठीण काम, तें या खेळानें तीन संध्याकाळींत करून दाखविलें.

दुसरा गुण असा, कीं मोकळीक असल्यामुळें मुलगा थांबतो. ठरल्या वाटेच्या खेळांत पाठीमागें कांहींतरी लागलेलें असतें. येथें तो गाडी उभी करून पावसांत भिजलेल्या एका पडक्या मंडपांत शिरला आणि खांबावरची नक्षी पाहत राहिला. त्या अवशेषांतून अकरा होयसळ नाणीं पसरून ठेविलेलीं आहेत. तीं सर्व वेंचलीं तर राणीचें एक कडें मिळतें. नाण्यांच्या लोभानें कां होईना, प्रत्येक कोपरा त्यानें डोळ्यांखालून घातला. आणि गाडी चालत असतां त्या दोघी बायका एकमेकींशीं बोलतात, त्या बोलण्यांत गणपति आणि परशुराम यांच्या युद्धाची कथा सहज येऊन जाते. शंकराच्या भेटीस आलेल्या परशुरामाला गणपतीनें दारांत अडविलें, परशुरामानें परशु फेंकला, आणि तो आपल्याच पित्यानें दिलेला म्हणून त्याचा मान राखण्यासाठीं गणपतीनें तो दंतावर झेलला. भारत लिहिण्यासाठीं गणपतीनें दंत मोडला ही कथा आपल्या मुलांना ठाऊक असते, ही दुसरी क्वचितच. कोंकण ज्यानें समुद्र हटवून वसविलें असें आपण मानतों, त्या परशुरामाची कथा सह्याद्रींत आणून बसविण्यांत परक्या मंडळींनीं चांगलेंच औचित्य दाखविलें, असें मला वाटलें.

आतां दोष. कांहीं नातवालाच दिसले. गढीच्या दाराशीं मोकळीक संपते. आंत गेल्यावर वाट एकच. जेथें हात लावावयाचा त्या दगडाची कड आधींच उजळ दिसते, म्हणजे चढणारा आपण शोधून चढलों असें समजतो, पण शोधणाऱ्यानें तें कामापूर्वींच करून ठेविलेलें असतें. एका गढींत आपण उडी मारली कीं दगडी पुतळे आपले परशु फिरवितात, तो प्रकार पहिल्यांदा मौजेचा वाटला. परंतु दुसरी गढी संपल्यावर मुलगा म्हणाला, "तिसरीतपण हेंच असणार." सैनिकांशीं गोळीबारहि पुनःपुन्हां तोच. एवढा थोरला प्रदेश उघडा टाकला, पण त्यांत करावयाचें काय, तर गाडी हांकावयाची, चढावयाचें आणि माणसें मारावयाचीं.

खजिन्याबद्दल एक गोष्ट जातां जातां सांगतों. आपल्या देशांत १८७८ सालचा निखात निधीचा कायदा आहे. जमिनींत दहा रुपयांहून अधिक किंमतीचें धन सांपडलें तर तें कलेक्टरास कळविलें पाहिजे. क्लोई फ्रेझर कलेक्टर कचेरींत गेलेली मीं पाहिली नाहीं. नातवाला हें सांगितलें तेव्हां तो पोट धरून हसला, पण मग त्यानें विचारलें, "खरंच असा कायदा आहे?"

परंतु हे सारे खेळाचे दोष झाले. इतिहासाच्या शिक्षकाला जो दोष खुपतो तो निराळा आहे, आणि तो या जातीच्या खेळाच्या स्वभावांतूनच निघतो. चढण्याच्या खेळाला चढावयास कांहींतरी प्रचंड लागतें. म्हणून या खेळांतील होयसळांनीं डोंगराएवढ्या मूर्ति कोरल्या आहेत, धबधब्यांच्या मधून शहर वसविलें आहे, अजस्र चक्रें आणि सांखळ्या बसविल्या आहेत. खऱ्या होयसळांचें सारें थोरपण याच्या उलट आहे. त्यांचा दगड शंखजिऱ्याच्या जातीचा, खाणींतून काढतांना मऊ आणि मग हवेनें कठीण होणारा. त्या दगडांत त्यांच्या कारागिरांनीं सोनाराच्या हातानें काम केलें. गळ्यांतील हार दगडापासून सुटा दिसतो, नर्तकीच्या हातांतील बांगडीखालून काडी जाईल. बेलूरचें चेन्नकेशवाचें देऊळ विष्णुवर्धनानें १११७ सालीं उभारलें. हळेबीडचें होयसळेश्वराचें देऊळ त्यानंतर चार-पांच वर्षांच्या सुमारास सुरू झालें. दोहोंवरहि आज शिखर नाहीं. तीं देवळें दुरून पाहणारा कदाचित् निराशच होईल. भिंतीशीं नाक लावील त्यालाच तीं दिसतात. आणि त्या कारागिरांनीं मूर्तींखालीं आपलीं नांवें कोरून ठेविलीं आहेत. बेलूरला बळ्ळिगावेचा दासोज आणि त्याचा मुलगा चावण, १२५८ सालच्या सोमनाथपूरच्या देवळांत मल्लितम्म. खेळ संपल्यावर पडद्यावर शेंकडों चित्रकारांचीं नांवें खालून वर सरकत जातात. नातू तीं कधीं वाचीत नाहीं, पण दासोजाच्या धंद्यांतलींच तीं माणसें आहेत.

दुसरें, या खेळाला हरवलेली वस्तु लागते. म्हणून बेलूर आणि हळेबीड हीं दोन्ही शहरें घाटांतल्या रानांत, वेलींनीं वेढलेलीं, कोणास ठाऊक नसलेलीं, अशीं दाखविलीं आहेत. वस्तुतः तीं हासन जिल्ह्यांत, घाटाच्या पूर्वेस मोकळ्या पठारावर, एकमेकांपासून सोळा-सतरा किलोमीटरवर आहेत. मधून बसगाड्या धांवतात. हळेबीडच्या जुन्या तलावांत आजहि पाणी आहे. बेलूरला चेन्नकेशवाची पूजा आजहि होते. २०२३ सालीं बेलूर, हळेबीड व सोमनाथपूर यांचीं देवळें युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत गेलीं. जेथें सकाळ-संध्याकाळ आरती होते त्या गांवाला हरवलेलें म्हणावयाचें, तर तें हरवलें कोणाकडून?

आणि तिसरी गोष्ट मला सर्वांत अधिक लागली. पहिल्या प्रकरणांत शहराचा बाजार आहे, मीनू नांवाची एक चुणचुणीत मुलगी भेटते. पण घाटांत शिरल्यावर बंदूकवाल्यांवांचून माणूस नाहीं. एवढ्या थोरल्या खोऱ्यांत एक गुराखी नाहीं, एक पाणवठा नाहीं, देवळापुढें वाळलेलें एक फूलसुद्धां नाहीं. सह्याद्रि मीं थोडाफार पायांखालीं घातला आहे. त्यांत ज्याला आपण निर्जन म्हणतों अशा ठिकाणींहि शेंदूर लावलेला दगड असतो आणि त्याच्यापुढें कोणीतरी फोडलेल्या नारळाची करवंटी असते. जग मोकळें म्हणजे माणसांपासून मोकळें केलेलें, असा या 'ओपन वर्ल्ड'चा अर्थ दिसतो. कारण मुलूख कोणाचा तरी असला म्हणजे गाडी पाहिजे तिकडे हांकतां येत नाहीं आणि बूट घालून देवाच्या खांद्यावर पाय देतां येत नाहीं.

हा दोष केवळ परक्यांचा म्हणूं नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या मंडळींनीं २०२० सालीं 'राजी' नांवाचा खेळ काढला. भावाच्या शोधांत निघालेली मुलगी, तिला दुर्गेचें आणि विष्णूचें साहाय्य, भिंतीवरील चित्रांपुढें थांबलें कीं पुराणकथा ऐकूं येतात. वाट ठरलेली आहे, मोकळें जग नाहीं, आणि खेळ फार लवकर संपतो अशी मुलांची तक्रार. काम देखणें आहे. पण तेथेंहि असुरांनीं सारें ओस पाडलेलें आहे.

असो. नातवाच्या प्रश्नाचें उत्तर देणें भाग होतें. मीं जुनीं पुस्तकें बाहेर काढलीं, आणि वाचतां वाचतां माझी मलाच लाज वाटूं लागली. ज्यांना मीं एका वाक्यांत उरकीत आलों, ते होयसळ आपल्या घरच्या इतिहासांत किती खोल शिरलेले आहेत! ११९० च्या सुमारास देवगिरीच्या यादव घराण्याचा भिल्लम आणि होयसळांचा वीरबल्लाळ हे लक्कुंडीच्या बाजूस एकमेकांशीं झुंजले, त्यांत बल्लाळाची सरशी झाली. पुढें सिंघणानें दक्षिणेकडे मुसंडी मारली. १२७६ सालीं रामदेवरावाचा सेनापति टिक्कम थेट द्वारसमुद्रापर्यंत चाल करून गेला. म्हणजे ज्या हळेबीडच्या अवशेषांवर माझा नातू आपली नायिका चढवीत होता, त्याच्या तटाखालीं आपल्याकडची फौज उभी राहिलेली आहे.

याहून पुढची गोष्ट सांगावी कीं नाहीं, असा मला क्षणभर प्रश्न पडला. १३११ सालीं अल्लाउद्दीन खिलजीचा सरदार मलिक काफूर द्वारसमुद्रावर चालून गेला, तेव्हां वाट दाखवावयास रामदेवरावाचाच सरदार परसदेव दळवी होता, असें अमीर खुस्रोनें लिहून ठेविलें आहे. रामदेवराव तेव्हां दिल्लीचा अंकित होता, त्याला दुसरें काय करतां आलें असतें हा वाद वेगळा. मीं नातवाला ती गोष्ट सांगितली. तो गप्प राहिला आणि मग म्हणाला, "म्हणजे गोष्टींतले वाईट लोक आपल्याकडचेपण होते?" खेळांत वाईट कोण हें पहिल्या पांच मिनिटांत कळतें. मीं त्याला एवढेंच सांगितलें, कीं पुढची गोष्ट ऐक.

ती गोष्ट पंढरपूरची. विठ्ठलाच्या मुख्य देवळांत वरच्या एका तुळईवर १२३७ सालचा एक शिलालेख आहे. होयसळ राजा सोमेश्वर यानें विठ्ठलाच्या नैवेद्याच्या खर्चासाठीं एक गांव दान दिल्याचें त्यांत कोरलें आहे. त्या वेळीं देवगिरीच्या गादीवर सिंघण होता. ज्या घराण्याशीं दोन पिढ्यांचें वैर, त्यांच्या सीमेवर भीमेच्या कांठीं येऊन होयसळ राजा विठोबाच्या ताटासाठीं गांव तोडून देतो! हें पंढरपूर आमच्या सोलापूर जिल्ह्यांत. माझ्या वर्गांतील निम्म्या मुलांच्या घरचे लोक वारीला जाणारे. आणि मीं त्यांना काय शिकविलें, तर द्वारसमुद्राचे होयसळ, जोड्या लावा. खेळ करणाऱ्यांनीं घाटांतली माणसें पुसलीं म्हणून मीं त्यांना नांवें ठेविलीं, पण माझ्या धड्यांतहि राजे आणि राजधान्या यांखेरीज कोण होतें?

सुटी संपण्यापूर्वीं आम्ही दोघे पंढरपूरला गेलों. महाद्वाराशीं चपला काढतांना नातू हसून म्हणाला, "खेळांत कोणी काढत नाहीं." रांगेंतून दोन तासांनीं आंत पोंचलों. मंडपांत त्यानें मान वर केली, मींहि केली. दिव्यांचा उजेड, मागून येणारे लोक, "चला माउली, पुढें चला" म्हणून पाठीवर पडणारा हात. तेथें शिलालेख वाचावयास कोण थांबूं देणार, आणि थांबूं देऊं नये हेंहि बरोबरच, मागें शेंकडों माणसें दर्शनासाठीं ताटकळत असतात. तुळई दिसली कीं दुसरीच कांहीं दिसली, तें आम्हां दोघांनाहि सांगतां आलें नसतें. पायांवर डोकें ठेवून बाहेर आलों. वाळवंटांत बसून चुरमुरे खातांना तो बराच वेळ देवळाकडे पाहत होता.

पुण्यास परतल्यावर त्याचा फोन आला. खेळ पुरा झाला होता, त्याविषयीं तो फारसें बोलला नाहीं. हळेबीडच्या देवळाच्या सर्वांत खालच्या पट्ट्यांत हत्तींची रांग आहे आणि त्यांतले दोन हत्ती सारखे नाहींत असें त्यानें कोठेंतरी वाचलें होतें, तें खरें का म्हणून विचारीत होता. मीं दिवाळीच्या सुटीसाठीं हासनचीं तिकिटें काढून ठेविलीं आहेत. तो हत्ती मोजणार आहे. मला मूर्तींखालचीं कारागिरांचीं नांवें पाहावयाचीं आहेत. मला कानडी वाचतां येत नाहीं, म्हणून आमचे शेजारी, ज्यांच्या घरांत कानडी बोलतात, तेहि बरोबर येत आहेत. आठशें-नऊशें वर्षांपूर्वींचें अक्षर आपल्यालाहि लागेलच असें नाहीं, असें त्यांनीं आधींच सांगून ठेविलें आहे.